ताई मराठीत नापास झाली होती

ताई दहावीला मराठीत नापास झाली. इंग्रजीत ती काठावर का होईना पास होती, गणितात तर चांगली पास होती. नापास झाली ती मराठीत. म्हसळ्यापासून आत असलेल्या आमच्या वाडीत हा विनोद बरीच वर्षं पुरला. कुणी भेटलं की म्हणायचं, "काय गं, मराठी येती का आता?"

कारण साधं होतं. ती बोलायची तशी लिहायची. पूर्वपरीक्षेत 'माझे गाव' या निबंधात तिने लिहिलं होतं, "आमच्या गावाला नदी हाय पन पूल न्हाय." बाईंनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. वर्ग हसला, ते शेजारच्या वर्गात मलाही ऐकू आलं. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. नदी होती आणि पूल नव्हता. पावसाळ्यात आम्ही दप्तरं डोक्यावर घेऊन त्या नदीतूनच शाळेत जायचो.

त्यानंतर ताई परत परीक्षेला बसली नाही. आईच्या कमरेने त्याच वर्षी दगा दिला, भाताच्या आवणीला वाकणारं कुणीतरी घरात हवं होतं. दोघींपैकी एकीने शिकायचं असं कुणी बसून ठरवलं नाही, पण ते ठरलं. ती चिखलात उतरली आणि मी कॉलेजला गेले. आमच्या घरातलीच नाही, आमच्या भावकीतलीही मी पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. पण ती पदवी कुणाच्या पाठीवरून आली हेही सांगते.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माझ्याही तोंडून "हाय" निघालं आणि मागच्या बाकावरची मुलं हात हलवून मला "हाय, हाय" करू लागली. मी त्याच दिवशी ठरवलं, हे तोंड बदलायचं. हॉस्टेलच्या आरशासमोर उभी राहून मी "आहे" आणि "नाही" घोटलं. इतकं घोटलं की पुढे गावी गेल्यावरही आईशी मी "भूक लागली आहे" असं बोलायला लागले. आई म्हणायची, "बाय रेडिओवानी बोलतंय."

पदवीनंतर मला न्हावा शेवाजवळ एका कचेरीत कंटेनरच्या कागदपत्रांचं काम मिळालं आणि मी उरणला खोली घेतली. आमच्या गोदामात कधीकधी जपानी यंत्रांची खोकी यायची. त्यांवर एकाखाली एक चार अक्षरं छापलेली असायची, तांबडी, ठसठशीत. गोदामातल्या प्रत्येकाला मी विचारलं, हे काय लिहिलंय? कुणालाच माहीत नव्हतं. एवढी माणसं रोज ती खोकी उचलतात आणि वर काय लिहिलंय ते कुणालाच ठाऊक नाही, हे काही माझ्या मनाला पटेना. पनवेलला एक निवृत्त गृहस्थ दर रविवारी जपानी शिकवतात असं कळलं. मी गेले. ती चार अक्षरं 'जपून हाताळा' अशी होती. एवढं कळल्यावर मी जाणं थांबवायला हरकत नव्हती, पण मी पाच वर्षं जात राहिले.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "जपानीत होकाराला म्हणतात हाइ. नाही याला म्हणतात नाइ."

बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी पेन खाली ठेवलं. ज्या दोन शब्दांपायी माझी बहीण नापास झाली आणि मी आरशासमोर उभी राहिले, तेच दोन शब्द फळ्यावर होते. मी हे कुणाला सांगितलं नाही. उलट सावध झाले. माझ्या तोंडून गावचं "हाय" निघू नये म्हणून मी 'हा' आणि 'इ' वेगवेगळे म्हणायची. मध्ये जरा थांबून. हा, इ. पाच वर्षं मी जपानी लोकांचा होकार असा दोन तुकड्यांत दिला आणि परीक्षा पास होत गेले. मग शनिवार-रविवार उरणच्या एका शिकवणीच्या खोलीत मी स्वतः जपानी शिकवू लागले.

ताई तोवर बत्तीस वर्षांची झाली होती. लग्नाचं जमलं नाही, तिनेही फार मनावर घेतलं नाही. आईची कंबर जरा बरी झाल्यावर मी ताईला उरणला घेऊन आले आणि परत फॉर्म भरायला लावून दहावीला बसवलं. या वेळी मराठीचा निबंध मी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. पास झाली. मग ती तिथल्याच एका वृद्धाश्रमात आया म्हणून लागली. म्हाताऱ्यांना उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं. मी एकदा तिथे जाऊन बघितलं. एक आजोबा कुणाच्याच हातून जेवत नव्हते, ते ताईच्या हातून जेवत होते. ताई त्यांच्याशी काही गोड बोलत नव्हती. "तोंड उगडा. मला बी भूक लागली हाय," एवढंच म्हणत होती.

माझ्या क्लासमधल्या दोन मुलींनी जपानला वृद्धांची सेवा करायच्या नोकरीसाठी अर्ज केले, तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं की या कामासाठी माझ्या घरातच माझ्या सगळ्या विद्यार्थिनींपेक्षा लायक बाई आहे. हे अर्ज जपानला पाठवणाऱ्या एजन्सीच्या बाईंनी ताईची कागदपत्रं बघितली. म्हणाल्या, "अनुभव चांगला आहे. पण वय बघता ही एकच संधी समजा. भाषेची परीक्षा आणि मग मुलाखत. मुलाखतीत नापास झाल्या तर परत विचारू नका."

ताईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "शिकव."

मी शिकवायला घेतलं आणि घोळ केला.

माझ्या डोक्यात शिकवणं म्हणजे फळा, तक्ता, पाढे. मी भिंतीवर क्रियापदांचे तक्ते लावले. ताई कामावरून दमून यायची, तक्त्याकडे बघत बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. मी तिला शाळेतल्या बाईंसारखी उठवायची. आठ-नऊ दिवस हे चाललं. एका संध्याकाळी मी जपानीत विचारलं, "जेवलीस का?" तिने चटकन उत्तर दिलं, "हाय."

मी म्हटलं, "हाय नाही ताई. हा, इ."

"हाय."

"हा. इ. दोन्ही वेगळे म्हण."

तिने वही मिटली. रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. "मराठीत पन हेच, जपानीत पन हेच," ती म्हणाली. "माझं हाय जगात कुनालाच चालत न्हाय. मला न्हाय शिकायचं."

ती भांडी घासायला उठली. मी तिथेच बसले. मग काहीतरी करायचं म्हणून मी सरांनी दिलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. एक जपानी बाई दुकानात काहीतरी मागते आणि दुकानदार म्हणतो, हाय. मी मागे नेऊन परत लावलं. हाय. तिसऱ्यांदा लावलं. मोरीतून ताईचा आवाज आला, "कोन आलंय गं गावास्नं?"

मी सरांना फोन केला. विचारलं, सर, माझा होकार बरोबर आहे का? सर म्हणाले, "बरोबर आहे हो. पण तुम्ही मध्ये थांबता ना, मला कायम वाटायचं तुम्हाला दम्याचा त्रास आहे. म्हणून कधी बोललो नाही."

मी मोरीच्या दारात जाऊन ताईला सांगितलं की तुझं बरोबर आहे, माझं चूक आहे. ती भांडं विसळत होती. "पदवी घेतलीस ना?" ती म्हणाली. "मग?" आणि हसायला लागली. मीही हसले. 

दुसऱ्या दिवशी मी तक्ते काढले. ताईला जे रोज करायचंच होतं त्यातच जपानी घालायचं असं ठरवलं. आम्ही एक नियम केला. संध्याकाळी मासळी साफ करायला बसलो की मराठी बंद. जिच्या तोंडून मराठी शब्द आधी निघेल तिने उरलेली सगळी मासळी साफ करायची. पहिले काही दिवस सगळे बांगडे ताईनेच साफ केले. मग ती हुशार झाली. शब्द येत नसला की गप्प बसायची आणि मला चिमटा काढायची. मी "आई गं" म्हटलं की ताट माझ्याकडे सरकवायची.

आणि मग तो धडा आला. माझ्या पुस्तकात शेवटी एक प्रकरण होतं, दुखण्याच्या शब्दांचं. मी स्वतः शिकताना ते वगळलं होतं. मला ते पोरकट वाटलं होतं, सगळे जोडशब्द, मुलांच्या गाण्यातल्यासारखे. ठणका लागला की जपानी माणूस म्हणतो झुकिझुकि. टोचल्यासारखं होत असलं की चिकुचिकु. भाजल्यासारखं झोंबलं की हिरिहिरि. ताईने ते प्रकरण बघितलं आणि ती सरळ बसली.

"म्हंजे ठसठस, टुचटुच आनि चुरचुर," ती म्हणाली.

"हो."

"मग येवडं सोपं हाय तं आधी का न्हाय सांगितलंस?"

ते सगळं प्रकरण तिने दोन दिवसांत संपवलं. नुसतं पाठ केलं नाही, वापरायला काढलं. मला ठेच लागली की विचारायची, झुकिझुकि की हिरिहिरि? मी नीट सांगितल्याशिवाय हळद लावायची नाही. वृद्धाश्रमात एखादी आजी कण्हायला लागली की ताई मनात आधी जपानी शब्द ठरवायची, मग तेल गरम करायला घ्यायची. मला तोवर वाटायचं की भाषा आधी डोक्यात जाते आणि मग हातात. ताईच्या बाबतीत ती हातातून वर जात होती.

गणपतीत आम्ही गावी गेलो. एसटीत पनवेलपासून म्हसळ्यापर्यंत ताईने खिडकीतून दिसेल त्याला जपानी नाव दिलं, म्हैस, पाटी, पेट्रोल पंप, झोपलेला कंडक्टर. घरी आईसमोर आम्ही बोलत बसलो. आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काय कळत न्हाय मला, पन हाय आनि न्हाय तं आपलंच हाय की." तिला फार आनंद झाला. ताईने तिची कंबर चोळताना झुकिझुकि शिकवलं. पुढच्या खेपेला आईने सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना तेच सांगितलं. डॉक्टर नवीन होते. त्यांना वाटलं हा इकडचा शब्द असेल, आणि त्यांनी तो केसपेपरवर लिहून घेतला.

लेखी परीक्षा मुंबईला होती. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने गेलो. ताई पास झाली, माझ्या त्या दोन कॉलेजवाल्या विद्यार्थिनींच्या बरोबरीने. मला वाटलं, आता जिंकलं. पण मुलाखतीची तयारी करताना एक अडचण समोर आली, आणि ती आमच्याच गावची होती.

जपानीत "नाय" म्हणजे नाहीच. अर्थ अगदी आपलाच. पण तो शब्द नुसता म्हटला तर तो घरातला, बरोबरीच्या माणसांतला. मोठ्या माणसासमोर तो उद्धट वाटतो. तिथे "अरिमासेन" म्हणायचं. माझ्या बाकीच्या मुलींच्या जिभेवर नुसतं "नाय" येण्याचा धोकाच नव्हता, त्या पुस्तकातून शिकल्या होत्या. ताईच्या जिभेवर ते जन्मापासून होतं. कुणी काही विचारलं की विचार करण्याआधीच ते बाहेर पडायचं.

मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे हाय चालतं, पन न्हाय चालत न्हाय?"

"हो."

"निम्मी पास."

मुलाखत माझ्या खोलीत झाली, सकाळी, लॅपटॉपवर. मी खाटेवर बसले होते, कॅमेऱ्यात न दिसेल अशी. मला बोलायची परवानगी नव्हती. पडद्यावर तिघं होती. एजन्सीच्या बाई, एक चष्मेवाले गृहस्थ, आणि मध्ये जपानमधल्या वृद्धाश्रमाच्या प्रमुख, साठीच्या, करड्या स्वेटरमधल्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. ताईने इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि हात मांडीवर ठेवले होते. तिचे ते हात मी बघत होते. आवणीने बोटांची पेरं रुंद झालेली आहेत तिची. त्याच पेरांवर मी कॉलेज केलं होतं. मी मनात एवढंच म्हणत होते की आज माझ्या शिकवण्याने ही हरू नये.

नाव, गाव, काम, सगळं व्यवस्थित झालं. ताई सावकाश बोलत होती, प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी घोटून घेतलेलं अदबीचं शेपूट "देस" लावत होती. मग त्या प्रमुख बाईंनी मान जरा पुढे घेऊन विचारलं, इतक्या दूर यायचं आहे, काही काळजी वाटते का?

"न्हाय," ताई म्हणाली.

नुसतं. कोरडं. गावच्या विहिरीवर म्हणतात तसं. पुढे शेपूट नाही, काही नाही.

 चष्मेवाल्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी खाटेची कड धरली. मला ते वाक्य आठवलं, नदी हाय पन पूल न्हाय, आणि शाळेतल्या बाईंचा हसरा आवाज.

ताईलाही कळलं. तिचे कान लाल झालेले मला बाजूने दिसले. तिच्याकडे जे होतं ते तिने पुढे जोडलं.

"...देस."

प्रमुख बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्या हसत होत्या. त्या हसण्यात शाळेतल्या वर्गाचं हसणं नव्हतं, मला ते हसणं ओळखता येतं. त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, अगदी आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींसारखं बोलली. मग ताईकडे बघून त्यांनी सावकाश विचारलं, त्या आजींचा गुडघा दुखतो, पण त्या नीट सांगत नाहीत. तुम्ही काय कराल?

याचं उत्तर मी तिला पाठ करून दिलं होतं. मी आजींना विनयाने विचारीन, नोंद करीन, परिचारिकेला कळवीन. ताईने ते उत्तर दिलं नाही. ती खुर्चीवरून उठली आणि खाली जमिनीवर बसली.

पडद्यावर आता नुसती रिकामी खुर्ची दिसत होती. एजन्सीच्या बाई काहीतरी बोलायला गेल्या. चष्मेवाले गृहस्थ अर्धे उठून बघू लागले, जणू वाकलं की त्यांना खाली दिसणार होतं. ताई रोज आश्रमात बसते तशी बसली होती, म्हाताऱ्या माणसाच्या नजरेच्या खाली, मान वर करून. तिथूनच तिने लॅपटॉपकडे बघत विचारलं, "झुकिझुकि? चिकुचिकु?" आणि गप्प राहिली. उत्तराची वाट बघत. ती वाट बघायला घाई करत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

 मग प्रमुख बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाल्या, "झुकिझुकि."

"हाय," ताई जमिनीवरून म्हणाली. आईची कंबर चोळताना म्हणते तसं, खालच्या सुरात.

मुलाखत संपली. लॅपटॉप मिटल्यावर ताई म्हणाली, "घालवली का गं मी?" मला खरंच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "चहा टाकते."

नंतरचे दिवस वाईट गेले. ताई नेहमीसारखी कामाला जात होती. मासळीच्या नियमाचं आम्ही दोघींनीही नाव काढलं नाही, मराठीतच बोलत बांगडे साफ करत होतो. कचेरीत माझ्या हातून एका कंटेनरचा नंबर चुकला, जे कधी होत नाही.

निकाल एका दुपारी आला. मी कचेरीत होते. एजन्सीच्या बाईंनी त्या वृद्धाश्रमाचं पत्रच फोटो काढून पाठवलं होतं. सगळं वाचायला मी थांबले नाही. वर दोन अक्षरं होती, ती मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात शिकवते. उत्तीर्ण. मी साहेबांना सांगून निघाले आणि रिक्षा करून थेट ताईच्या आश्रमात गेले. फोन करता आला असता. पण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

ती व्हरांड्यात एका आजींचे केस विंचरत होती. मला धावत पायऱ्या चढताना बघून तिचा हात थांबला. कंगवा केसांतच राहिला.

"लागला?"

मी मान हलवली.

"माझं नाव हाय का न्हाय?"

मला "आहे" म्हणायचं होतं. चौदा वर्षं मी तेच म्हणत आले होते. पण धावत आल्याने म्हणा किंवा कशाने म्हणा, तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"हाय," मी म्हटलं. "हाय गं ताई."

तिने आजींच्या केसांतून कंगवा खाली नेला, एकदा, दोनदा, गुंता सोडवला. आजी म्हणाल्या, कोण आलंय? ताईने ओढणीने डोळे पुसले आणि त्यांना सांगितलं, "माझी भन हाय. मास्तरीन हाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "उच्चार सुधारला तुझा. बस जरा, दम लागलाय तुला."

मी पायरीवर बसले. आणि खरंच बरं वाटलं.